फाटा दाखवणे आणि फाटा देणे

पुण्याहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गानं निघालेल्या माणसाला मावळात कुणी किलोमीटर सांगत नाही. फाटे सांगतात. आधी सोमाटणे फाटा, मग लिंब फाटा, पुढं वडगाव फाटा, कान्हे फाटा, कार्ला फाटा. ‘राहायला कुठं?’ असं विचारलं तर तळेगाव दाभाड्यातला माणूस ‘लिंब फाट्यावरून आत’ एवढंच सांगतो, आणि आपण पिनकोडासकट पत्ता दिला अशा समाधानानं गप्प बसतो.

मराठीनं या शब्दाच्या गळ्यात आणखी एक काम अडकवलंय. जे नको असेल त्याला आपण फाटा देतो. मानपानाला देतो, भाषणांना देतो, आणि घरात कुणी वडीलधारं खमकं असेल तर वरातीतल्या डीजेलाही देतो. कुठं वळायचं ते दाखवायचं आणि काय गाळायचं ते ठरवायचं, या दोन कामांवर नकाशाशास्त्राची जाडजूड पुस्तकं लिहिली गेली. मराठीनं ती दोन्ही कामं एका शब्दात उरकून टाकली आणि हात धुतले.

ही दोन्ही कामं एकाच वेळी झालेली बघायची तर त्यासाठी विद्यापीठात जावं लागत नाही. लग्नपत्रिका उलटी केली की पुरे. मागच्या बाजूला, ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’च्या खाली, तीन बाय दोन इंचांचा ‘स्थळदर्शक नकाशा’ असतो. मधून एक आडवी जाड रेघ गेलेली असते. तिच्या डाव्या टोकाला बाण आणि ‘मुंबईकडे’, उजव्या टोकाला बाण आणि ‘पुण्याकडे’. तिच्याशेजारून आडव्या टाकलेल्या शिडीसारखा रेल्वेमार्ग जातो. एक स्टेशन, एक पेट्रोलपंप, एक देऊळ. आणि या सगळ्यांना खाऊन टाकील एवढा मोठा चौकोन, त्यात ठळक अक्षरांत मंगल कार्यालयाचं नाव. मुंबई आणि पुणे ही दोन शहरं या नकाशात बाणाच्या टोकाएवढी उरतात. त्या दिवसापुरती त्यांची लायकीही तेवढीच असते.

खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘नकाशा प्रमाणात नाही.’ या कबुलीजबाबाला शहाणी माणसं हसतात. त्यांनी जरा सरकारी नकाशा काढून बघावा. १७६७ साली स्थापन झालेल्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’चा एकास पन्नास हजारांचा नकाशा भूगोलाच्या तासाला अनेकांनी हाताळलेला असतो. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. या हिशेबानं एक मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे पन्नास मीटर रुंदीचा रस्ता! मावळातल्या एखाद्या वाडीला जाणारा रस्ता, ज्यावर समोरून एसटी आली की मोटारसायकलवाल्याला भातखाचरात उतरावं लागतं, तो खऱ्या मापानं काढायचा तर मिलिमीटरचा दहावा हिस्सा भरेल. तो दिसायला भिंग लागेल आणि छापायला देव. म्हणून रस्ता फुगवून काढतात, विहीर फुगवून काढतात, देवळाची खूण तर मूळ देवळाच्या कितीतरी पट मोठी असते. म्हणजे प्रमाणात नसणं हा काही लग्नपत्रिकेचाच दोष नव्हे. फरक इतकाच, की सरकारी नकाशा जागा अचूक ठेवून खुणा फुगवतो आणि पत्रिकेचा नकाशा जागाही यजमानाच्या सोयीनं हलवतो.

अगदी प्रमाणात नकाशा काढला तर काय होतं, ते लुइस कॅरोलनं १८९३ सालीच सांगून ठेवलंय. त्याच्या ‘सिल्व्ही अँड ब्रुनो’च्या दुसऱ्या भागात एका देशानं मैलास मैल, म्हणजे देशाएवढाच नकाशा तयार केलेला असतो. तो उघडायला निघतात तर शेतकरी हरकत घेतात की पिकांवर ऊन पडायचं नाही. अखेर ते लोक देशच नकाशा म्हणून वापरू लागतात. हे मावळात घडलं असतं तर प्रकरण उन्हापर्यंत पोचलंच नसतं. नकाशाची घडी उलगडायची तर सातबाऱ्यावरच्या सगळ्या नावांची संमती लागली असती, आणि त्यातली दोन नावं मुंबईला असतात, एक वारलेलं असतं.

तेव्हा गाळायचं, हे ठरलं. भांडण होतं ते काय गाळायचं यावर. लग्नसराईत तळेगावातल्या कुठल्याही डीटीपीच्या दुकानात हे भांडण बघायला मिळतं. संगणकापुढं विशीतला मुलगा, त्याच्या पाठीशी वधूपिता आणि वधूपित्याच्या पाठीशी वधूचे मामा, असा थर लागलेला असतो.

‘दाजी, मारुती मंदिर चौक घ्यायला सांगा,’ मामा सुरुवात करतात.

मुलगा चौक घालतो.

‘आता चौकात आपलं हार्डवेअरचं दुकान.’

‘मामा, ते येत नाही हो यात.’

‘येत नाही म्हणजे? वीस वर्षं तिथंच आहे.’

‘तसं नाही. कार्यालय हायवेलाच आहे. पाहुणे गावात शिरणारच नाहीत.’

‘मग शिरव त्यांना.’

मुलगा वधूपित्याकडं बघतो. वधूपिता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघतो. सासरच्या माणसाला, तोही बायकोचा भाऊ, नकाशातून कसं वगळायचं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. तेवढ्यात मामा शाळा आणि दवाखानाही सुचवतात. तीन बाय दोन इंचांत तळेगाव मावेनासं होतं, रेल्वेमार्ग वाकडा होतो, आणि कार्यालयाचा चौकोन आक्रसत आक्रसत साबणाच्या वडीएवढा होतो. शेवटी मुलगाच हिय्या करतो. ‘मामा, एवढं सगळं घातलं ना, तर कार्यालय कुणाला दिसणार नाही. मग जेवण उरेल.’ हे मामांना पटतं. मांडव, वाजंत्री, आहेर या सगळ्यांत तडजोड चालते, पण जेवण उरलं तर नाव मामाचंच निघतं. दुकान जातं, शाळा जाते, दवाखानाही जातो. रेल्वेमार्ग सरळ होतो. घरी प्रूफ बघून आजी तेवढी विचारते, ‘अरे, यात आपलं घर कुठंय?’ घर आधीच गेलेलं असतं. ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं.

त्या मुलानं नकळत जे केलं त्याला नकाशाकार निवड म्हणतात, आणि निवडीचा निकष एकच असतो: बघणारा कोण आणि तो कुठं चाललाय? खुणेची जागा निवडतानाही हाच निकष लागतो. ती लांबून दिसली पाहिजे, तिच्यासारखी दुसरी जवळपास नसली पाहिजे आणि पत्रिका छापल्यापासून लग्न लागेपर्यंत तिनं जागा सोडता कामा नये. सोमाटण्याजवळचा ७२ फुटी बिर्ला गणपती या तिन्ही परीक्षांत पहिल्या वर्गात पास होतो. ‘भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून डावीकडं’ ही खूण लांबून दिसते खरी, पण आठवड्याभरात फ्लेक्सवरचा माणूस बदलतो आणि त्याच चेहरेपट्टीचे आणखी चार जण पुढच्या चौकात हसत असतात.

लंडनच्या भुयारी रेल्वेत नोकरी केलेल्या हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समननं १९३१ साली असंच धाडस केलं. तोवर त्या रेल्वेचा नकाशा खऱ्या भूगोलाबरहुकूम निघायचा. मधल्या शहरात स्टेशनांची नावं एकमेकांच्या अंगावर पडायची आणि उपनगरांत नुसती मोकळी जागा. बेकनं सगळे मार्ग आडवे, उभे आणि पंचेचाळीस अंशांत तिरके केले, मधला भाग फुगवला, उपनगरं जवळ ओढली आणि वरच्या शहराला सरळ फाटा दिला. भुयारातल्या माणसाला वरचा रस्ता कशाला हवा? त्याला हवं असतं आपलं स्टेशन कितवं, आणि गाडी कुठं बदलायची. साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग १९३३ साली नकाशा छापला आणि लोकांनी तो उचलून धरला. बेकनं वरच्या जगातली एकच गोष्ट ठेवली होती, थेम्स नदी. २००९ साली कुणीतरी तीही काढून टाकली, तेव्हा लंडनकरांनी एवढा गिल्ला केला की नदी पुन्हा नकाशात आणावी लागली. फाटा देण्यालाही कुठंतरी मामा आडवा येतोच.

पुणे-लोणावळा लोकलला मात्र कुणा बेकची गरज पडली नाही. एकच मार्ग, सतरा स्टेशनं, फांदी नाही की वळण नाही. सरळ रेघ मारून सारख्या अंतरावर टिंबं दिली की काम झालं. प्रत्यक्षात पुणे आणि शिवाजीनगर अगदी शेजारीशेजारी आहेत आणि मळवली सोडल्यावर लोणावळा यायला बराच वेळ जातो, पण त्यावाचून प्रवाशाचं अडत नाही. डुलकीतून दचकून उठल्यावर त्याला एवढंच कळायला हवं असतं, की बेगडेवाडी आणि घोरावाडी गेल्या असतील तर आता तळेगाव, आणि बाहेर वडगावची पाटी दिसत असेल तर आता बायकोला फोन.

नकाशात जागेनंतर दुसरा मारामारीचा विषय म्हणजे नावं. नुसतं ‘तळेगाव’ लिहिलं तर अर्धा महाराष्ट्र हात वर करतो. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे, संगमनेर तालुक्यात तळेगाव दिघे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, वर्धा जिल्ह्यात तळेगाव शामजीपंत. गावात तळं असलं की नाव ठेवणाऱ्यांची प्रतिभा तिथंच थांबत असावी. मावळातल्या तळेगावाला आडनाव मिळालं ते दाभाड्यांचं. त्या घराण्यातल्या खंडेरावांना छत्रपती शाहूंनी १७१७ साली सेनापतिपद दिलं. सेनापतींनी मुलुख किती जिंकला ते इतिहासकार सांगतील. पोस्टमनवर आणि नकाशावाल्यांवर त्यांचे उपकार आहेत हे मात्र त्यांनी कुठं नोंदवलेलं नाही. तरीही घाई झालेला पाहुणा मोबाइलमध्ये नुसतं ‘तळेगाव’ टाकतो, पहिलं येईल ते नाव दाबतो आणि नगर रस्त्यानं निघून ढमढेऱ्यांच्या गावात अक्षता शोधतो. दोन तळेगावांच्या मधे अख्खं पुणे शहर असतं, आणि ते मुहूर्ताच्या आत ओलांडणं हा सेनापतीचाच प्रांत.

नाव कुठं लिहावं याचेही नियम आहेत. एडुआर्ड इम्होफ या स्विस नकाशाकारानं त्यावर १९६२ साली चांगला विस्तारानं लेख लिहिला. नदीचं नाव नदीबरोबर वळलं पाहिजे, गावाचं नाव टिंबाच्या शक्यतो उजवीकडं हवं, आणि प्रदेशाचं नाव अक्षरं लांब लांब ठेवून त्या प्रदेशभर पसरावं. रोमन लिपीत हे झकास जमतं. देवनागरीत तिसऱ्या नियमाला शिरोरेखा आडवी येते. ‘मावळ’ पसरून लिहायला घेतलं की रेघ तुटते आणि ‘मा’, ‘व’, ‘ळ’ असे तीन गृहस्थ दिसतात, बांधावरून बोलणं टाकल्यासारखे. पवन मावळ, आंदर मावळ आणि नाणे मावळ या तिन्ही खोऱ्यांची नावं एकाच तालुक्यात पसरवली तर वाचणाऱ्याला कुठला ‘व’ कुणाचा, हे ठरवायला तलाठी बोलवावा लागेल. त्यात देवनागरी मजकूर दोन मजली. वर रफार, मात्रा, वेलांट्या, खाली उकार. दोन नावं जवळ आली की वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत पाय घालतो. आणि नकाशाच्या सॉफ्टवेअरला आपली लिपी नीट येत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडं बसायची ती पलीकडं जाते, आणि शिरगावचं शरिगाव होतं. तिथल्या साईबाबांच्या प्रतिशिर्डीला निघालेला भाविक मग प्रतशिर्डीची पाटी वाचत उभा राहतो.

रंगांचं शिक्षण मावळाला वेगळं द्यावं लागत नाही. नकाशातली सूची वाचायचा कंटाळा करणारा माणूसही विकास आराखड्यातला पिवळा आणि हिरवा झोपेत ओळखतो. पिवळा म्हणजे रहिवासी, हिरवा म्हणजे शेती. ‘यलोत आहे का?’ हा प्रश्न जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याच्या आधी येतो आणि स्थळ बघताना पत्रिकेच्या आधी. नकाशावरच्या पिवळ्या पट्ट्याची कड बांधाच्या कुठल्या बाजूनं जाते यावर सख्खे चुलतभाऊ एकमेकांना भावकीतून वगळतात. जाक बर्तँ या फ्रेंच नकाशातज्ज्ञानं १९६७ साली आपल्या ग्रंथात हेच नीट मांडलं, की वेगवेगळे रंग वेगळेपणा दाखवायला वापरावेत आणि कमीजास्त दाखवायचं असेल तर एकच रंग फिका ते गडद करत न्यावा. पिवळा म्हणजे हिरव्याहून जास्त असं डोळ्याला कधीच वाटत नाही. (जमिनीच्या दलालाला वाटतं, पण तो डोळ्यानं बघत नाही.) तरी पावसाळा लागला की पावसाचा नकाशा इंद्रधनुष्याचे सगळे रंग लेवून हजर होतो, आणि जांभळ्यात जास्त बुडायचं की लालात, हे कळायच्या आत जाहिराती सुरू होतात.

पावसाच्या नकाशाला मावळासारखा इरसाल तालुका शोधून सापडायचा नाही. लोणावळा घाटमाथ्यावर. तिथं वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला निघालं की डोंगरांच्या आडोशानं तो झपाट्यानं कमी होत जातो, आणि पुणे शहरात जेमतेम सातशे-साडेसातशे उरतो. तळेगाव लोणावळ्यापासून तीसेक किलोमीटरवर, म्हणजे या उताराच्या खालच्या अंगाला. पण तालुका एकच. सरकारी आकडा तालुक्याचा निघाला आणि नकाशावाल्यानं हद्दीच्या आत एकच निळा रंग ओतला, की लोणावळ्याचा माणूस म्हणतो, एवढाच? आणि तळेगावचा माणूस खिडकीतून कोरडं अंगण बघत म्हणतो, कुठंय? लोणावळ्यात जूनमध्ये उघडलेली छत्री सप्टेंबरपर्यंत मिटत नाही, इकडं ती अधूनमधून मिटते. तालुक्याची सरासरी काढली की दोघांच्याही हाती अर्धी उघडी छत्री येते. पावसाला तहसील कचेरीची हद्द ठाऊक नसते. म्हणून जाणकार तालुका रंगवत बसत नाहीत. सारख्या पावसाच्या जागा जोडणाऱ्या रेषा काढतात. मावळात त्या घाटमाथ्याजवळ एकमेकींना खेटून, शुक्रवारच्या संध्याकाळी एक्सप्रेसवेवर गाड्या लागाव्यात तशा लागलेल्या असतात.

माणसं मोजून दाखवायची तर वर्तुळं काढतात. इथं चूक होते ती भाकरीची. दुप्पट माणसं दाखवायला दुप्पट व्यासाचं वर्तुळ काढलं तर ते दुप्पट दिसत नाही, चौपट दिसतं. दुप्पट व्यासाची भाकरी थापून बघितलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही, तिचं पीठच सांगतं. वर्तुळ बरोबर काढलं तरी प्रश्न उरतो तो कुणाला मोजलं याचा. २०११च्या जनगणनेत लोणावळ्याची लोकसंख्या ५७,६९८ आणि तळेगाव दाभाड्याची ५६,४३५. नकाशावर दोन्ही वर्तुळं जुळी भावंडं दिसतात. जुलैतल्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर उभं राहून कुणी हा नकाशा उघडला, तर पायाखालच्या पाण्यापेक्षा तो जास्त हसेल. जनगणना माणसाला त्याच्या घरी गाठते. भजी खायला आलेला माणूस तिच्या हिशेबात पुण्यातच बसलेला असतो.

आता हे सगळं फोनमध्ये आलं आहे. फोनमधल्या नकाशानं एक जुनी उणीव भरून काढली: त्यात आपण कुठं आहोत ते निळ्या टिंबानं दिसतं. पत्रिकेच्या नकाशात पाहुणा कधीच नसतो, फक्त कार्यालय असतं. पण फोन बघणाऱ्याला निवड करता येत नाही. त्याला हार्डवेअरचं दुकानही दिसतं, शाळाही, दवाखानाही, तीन एटीएमही. मामांचं स्वप्न खुद्द अमेरिकेनं पुरं केलेलं असतं. आणि ज्या गोष्टीवर सगळं अडतं, ती म्हणजे महामार्गाच्या मधला दुभाजक, तो त्या चिमुकल्या पडद्यावर बघणाऱ्याला दिसत नाही. कार्यालय उजव्या हाताला, तोरण दिसतंय, सनई ऐकू येतेय, पुलावाचा वास येतोय, फोन म्हणतोय की तुम्ही पोचलात. आणि पाहुणा दुभाजकाच्या अलीकडं.

अशा वेळी मावळात शेकडो वर्षं चालत आलेली पद्धत कामाला येते. पाहुणा फोन लावतो.

‘कुठंशी आलात?’ वधूपिता विचारतो. मागं मंगलाष्टकांचा पहिला ताल.

‘फाट्यावर.’

‘कुठल्या?’

‘ते नाही माहीत. एक पेट्रोलपंप आहे.’

‘पत्रिकेवर नकाशा दिलाय की हो!’

‘पत्रिका देवापुढं ठेवलीय. घरी.’

‘बरं, तिथंच थांबा. हलू नका. पोराला पाठवतो.’

पाच मिनिटांत मामांचा धाकटा मोटारसायकलवर येतो. डोक्याला फेटा, पायात नवे बूट. ‘काका, माझ्यामागनं या,’ म्हणतो आणि पुढं होतो. गाडी त्याच्यामागं वळते, पुढचा फाटा घेते आणि महामार्ग सोडून गावात शिरते. कार्यालय मागं राहतं. पाहुणा काच खाली करून काही विचारणार, तोवर मारुती मंदिर चौक येतो. मोटारसायकल हळू होते. बंद शटरसमोर पोरगा मागं वळतो आणि बोट दाखवून सांगतो, ‘हे आमचं दुकान.’